पूर्वजांच्या राखणीतलं वायफाय

पोयेनीत्सा,
ईस्टरनंतरचा तिसरा गुरुवार, दुपार

आदरणीय इलारीदादा,

ख्रिस्त उठला आहे. हे वाचताना तुम्ही पाडोव्याच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात उभे असाल, तर कृपा करून "खरोखर उठला आहे" एवढं तोंडाने म्हणा, नुसतं मनात नको. म्हणजे माझा नमस्कार वाटेतच कुठेतरी लटकत राहिला असं मला वाटणार नाही. ही चार अक्षरं तुम्हाला आणि दोम्निकावहिनींना धडधाकट सापडोत. तुमची पाठ कशी आहे? (आमची ही, सवेता, म्हणते, तुम्ही कारखान्यात अजून स्वतः शिडीवर चढता. आपल्या वयाला शिडी धरावी, चढायला दुसऱ्याला सांगावं.) माझ्याविषयी म्हणाल तर देवाच्या कृपेने बरा आहे. चर्चची घंटा ओढताना उजवा गुडघा कुरकुरतो, पण घंटेच्या आवाजात ते फक्त मला ऐकू येतं. तांबडी गाय मार्चमध्ये व्याली, कालवड झाली. तुमच्या वडिलांनी आमच्या अंगणात खणलेल्या विहिरीला यंदा काठोकाठ पाणी आहे आणि त्यावर प्लमच्या शेवटच्या पाकळ्या तरंगतात. बादली वर काढली की अर्धं पाणी, अर्धी फुलं. मी ती वेचत बसत नाही. सूपमध्ये एखादी आली तर येते.

तुम्ही म्हणाल, ज्या माणसाच्या भिंतीला मी स्वतः भोकं पाडून वायफाय बसवून दिलं, तो कागद का खराब करतो आहे? तेच सांगायला बसलो आहे, पण मला मधूनच सुरुवात करता येत नाही. आपल्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, गाव्रीलला गाईवर निबंध लिहायला सांगितला तर तो महापुरापासून सुरू करतो आणि गाय नावेत चढेपर्यंत तास संपतो. तेव्हा बसून घ्या. पिशवीत प्लमच्या मुरांब्याच्या चार बरण्या आहेत, त्यातली एक उघडा.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही तो पांढरा डबा आणलात आणि तो कुठे ठेवायचा यावरून आपण पाऊण तास उभे होतो. तुम्हाला तो घराच्या मधोमध हवा होता. पण आमच्या घरात सुकी, उंच आणि विजेचं बटण जवळ असलेली जागा एकच, पूर्वेच्या भिंतीवर पवित्र मरियेच्या चित्राखालची फळी. तुम्ही म्हणालात, वर तेलाचा दिवा आणि खाली यंत्र, हे काही खरं नाही. मी मध्ये एक बशी ठेवली. तेव्हापासून त्या कोपऱ्यात दोन दिवे आहेत, वर तांबडा आणि खाली हिरवा. तांबडा संथ असतो, हिरवा सारखा डोळे मिचकावतो, एखाद्या नवख्याला प्रार्थनेत उभं केल्यासारखा. ह्या लहरी भिंतीतून, झाडातून, गाईच्या पोटातूनसुद्धा आरपार जातात असं तुम्ही सांगितलंत, ते माझ्या मनात बरेच दिवस घोळत राहिलं. तुम्ही गेल्यावर मी फोन हातात धरून अंगणभर हिंडलो. विहिरीपाशी सिग्नलच्या तीन काड्या, फाटकापाशी दोन, फाटकाबाहेरच्या बाकड्यावरही दोन, रस्त्यापलीकडे फादरांच्या पायरीवर एक. त्यापुढे काही नाही, नुसती हवा. पण ती हवा आणि अलीकडची हवा दिसायला अगदी सारखी. मी पस्तीस वर्षं घंटा वाजवतो आहे, तीही अशीच कुठवर जाते ते दिसत नाही. फरक एवढाच की तिला पासवर्ड लागत नाही, ज्याला कान आहे त्याने ऐकावी.

पासवर्डचे तुमचे नियम मी ओळीने पाठ केले होते. लांब असावा. तीन-चार शब्दांचा असावा. जन्मतारीख नको, बायकोचं नाव नको, गाईचं तर नकोच. कागदावर लिहायचा नाही. कुणालाही, अगदी तुम्हालाही, सांगायचा नाही. आणि असा हवा की झोपेतून उठवलं तरी आठवेल. एवढं सांगून तुम्ही गाडीत बसलात आणि मी फळीसमोर उभा राहिलो. झोपेतून उठवलं तरी मला न चुकता काय आठवतं? माझी मेलेली माणसं. आई झाम्फिरा, वडील तोआदेर, बहीण अनिसिया, आजोबा पाहोमिए. ह्याच क्रमाने, तीस वर्षं, मी त्यांची नावं चिठ्ठीवर लिहून चर्चमध्ये देतो आहे. चौघंही सरळ माणसं होती, कुणाला फसून दार उघडतील अशी नव्हती. मी चार नावं सलग लिहिली, आणि तुम्ही आकडाही घालायला सांगितला होता म्हणून शेवटी घराचा नंबर लावला. एकोणीस. डब्याने तो पासवर्ड "मजबूत" असल्याचं हिरव्या अक्षरांत सांगितलं. मला भरून आलं. अनिसियाला तिच्या उभ्या आयुष्यात कुणी मजबूत म्हटलं नव्हतं.

(तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या यायला आठ महिने लागले. तुम्ही वीस वर्षं परदेशात आहात, पण चर्चमधल्या त्या चिठ्ठ्यांचं काय होतं ते विसरला नसाल. फादर त्या मोठ्याने वाचतात.)

चाळीस दिवसांचा उपास लागला तेव्हापासून आमच्या बाकड्यावर माणसं बसायला लागली. बाकडं फाटकाबाहेरचं, म्हणजे ज्याला वाटेल त्याने टेकावं, पण सवेता इटलीला एका म्हातारीला सांभाळायला गेल्यापासून सहा वर्षांत तिथे मी आणि मांजर, यापलीकडे कुणी फारसं टेकत नव्हतं. आधी शेजारची परास्किवामावशी आली. मग गिरणीवाला निचिफोर आला. मग आणखी सहा-सात जण. तिन्हीसांजेला बाकडं भरायचं, उरलेले कुंपणाला पाठ लावून उभे राहायचे, आणि विशेष म्हणजे कुणी बोलायचं नाही. सगळे माना खाली घालून. मी खिडकीतून बघायचो. मला वाटलं, लोकांना माझ्या एकटेपणाची दया आली. मग वाटलं, नाही, हे उपासाचं आहे, माणसं अंतर्मुख झाली आहेत. मी त्यांच्यासाठी अक्रोड न्यायचो. मावशी एका हाताने अक्रोड घ्यायची आणि दुसरा हात शालीतच ठेवायची. मी सवेताला फोनवर सांगितलंसुद्धा की गाव सुधारलं, लोक मौन पाळायला लागले. ती म्हणाली, "निचिफोर? मौन?" आणि इतकी हसली की तिकडच्या म्हातारीने खोलीतून हाक मारली.

आता मुद्द्यावर येतो. गाय नावेत चढते आहे. सवेताच्या आणि माझ्या बोलण्याची वेळ तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळची प्रार्थना झाली की मी घंटेची दोरी बांधून घरी येतो, फोन खिडकीत मुरांब्याच्या बरणीला टेकवून ठेवतो, आणि ती म्हातारीला औषध देऊन अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली बसते. रोज दहा मिनिटं. पूर्वी चित्र स्वच्छ यायचं. उपास लागल्यापासून ते अडखळायला लागलं. आधी तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, मग ओठ हलायचे आणि शब्द नंतर यायचे. मला तर ते कधी कधी आवडायचं. ती हसायची आणि हसण्याचा आवाज मागाहून, एकटाच, खोलीत यायचा, जणू ती पुढे निघून गेली आणि हसू मागे रेंगाळलं. मी म्हटलं, दूरवरून येतं आहे, दमत असेल.

ईस्टरआधीच्या पाम रविवारच्या आदल्या शनिवारी तिने मला ते विचारलं. म्हातारीच्या मुलांनी तिला आणखी दोन वर्षं राहशील का म्हणून विचारलं आहे. हो किंवा नाही, मेमधल्या कॉन्स्टंटिन-एलेनाच्या सणापर्यंत सांगायचं. हे तुम्हाला ती बोलली असेलच. मला म्हणाली, "गाव्रील, तू सांग. राहू का येऊ?" दादा, सहा वर्षांत मी तिला एकदाही "ये" म्हटलेलं नाही. आधी छताचा खर्च होता, मग तिच्या आईचं आजारपण होतं, मग सवयच झाली; वाटायचं, मी म्हटलं तर ती माझ्यासाठी येईल, तिच्या मनाने नाही, आणि मग जन्मभर मला दूध आंबलं तरी अपराधी वाटेल. पण त्या संध्याकाळी प्लमला पहिली फुलं आली होती, आणि मी बोललो. असं बोललो की मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. फुलांचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, तिची शाल अजून दारामागच्या खुंटीवर आहे आणि मी ती काढत नाही हे सांगितलं. आणि शेवटी ते म्हटलं. मग मान वर करून पाहिलं. तिचं तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, आणि मागे लिंबाचं पान वाऱ्यात वळलेलं, ते तसंच वळलेलं. चित्र गोठलं होतं. ते कधी गोठलं, फुलांपाशी, शालीपाशी की त्याच्याही आधी, हे मला ठाऊक नाही. मी अकरा मिनिटं त्या चेहऱ्याकडे बघत बसलो. शिंक यायच्या आधी माणूस दिसतो तशी ती दिसत होती, आणि सुंदर दिसत होती. मग पडदा काळा झाला. थोड्या वेळाने तिचा संदेश आला: "काही ऐकू आलं नाही. काय म्हणत होतास?"

मी लिहिलं: "काही नाही. प्लम फुलले."

(दोम्निकावहिनी हे वाचून मला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. त्यांना वाचून दाखवू नका.)

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी भर दुपारी मला अनोळखी नंबरावरून संदेश आला. वर सवेताचा फोटो, लिंबाच्या झाडाखालचाच. "गाव्रील प्रिय, माझा फोन बदलला, हा नवा नंबर. तुझ्या फोनवर सहा आकडी कोड येईल, तो मला पाठव." आणि खरोखर कोड आला. तुमचा नियम मला आठवत होता, की असला कोड कुणालाही द्यायचा नाही, तुमच्या आईने कबरीतून मागितला तरी. पण ही तर बायको. "प्रिय" हा शब्द जरा खटकला. तेवीस वर्षांच्या संसारात तिने मला अरे, ए बाबा आणि एकदा, गाडी उलटवली तेव्हा, गाढवा म्हटलं आहे, प्रिय कधी नाही. मला वाटलं, इटलीची हवा. आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. म्हटलं, इतकं प्रेमाने लिहिते आहे तर कोड नंतर, आधी शनिवारचं राहिलेलं सांगून टाकू. लिहिण्यात चित्र गोठायची भीती नाही. मी एका बोटाने दोन तास लिहीत होतो. फुलं, विहीर, शाल, कालवडीला मी तिचं नाव ठेवणार होतो पण ठेवलं नाही ते. मधून मधून तिकडून यायचं: "कोड?" मग "प्रिय, कोड." मग नुसतं "कोड." मी म्हटलं, घाईत आहे बिचारी, पण वाचते तर आहे. शेवटी मी ते लिहिलं, जे शनिवारी म्हटलं होतं. मग तिकडून काही येईना. मी जाऊन दुपारची घंटा वाजवून आलो. आल्यावर एकच ओळ होती. "काका, हे तुमच्या बायकोला सांगा." फोटो गेला, नंबरही गेला.

म्हणजे चोर होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बोलणं मी एका चोराला सांगितलं, आणि त्याने ते ऐकून माझ्यापेक्षा बरा सल्ला दिला. कोड मात्र गेला नाही. तो माझ्या हुशारीमुळे वाचला असं समजू नका. तो बोलण्याच्या ओघात राहून गेला. त्या दिवशी प्रार्थनेत मी त्या चोरासाठीही एक मेणबत्ती लावली, जिवंतांच्या बाजूला, नाव न घेता. संध्याकाळी सवेताच्या खऱ्या नंबरावर फोन करून सांगितलं की तुझा फोटो कुणीतरी पळवला. ती घाबरली, तिने ओळखीच्या सगळ्यांना कळवलं, तिचा फोटो आता अनोळखी माणसांना दिसत नाही. आणि मला म्हणाली, यापुढे असं काही आलं तर आधी मला हाक मारायची, माझा आवाज ऐकायचा, मग पुढचं. मग विचारलं, तू त्याला दोन तास काय लिहीत होतास? मी म्हटलं, प्लमचं.

आता मेलेल्यांच्या ईस्टरकडे या. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सगळं गाव दफनभूमीत होतं, कबरींवर स्वच्छ कापडं अंथरलेली, त्यावर तांबडी अंडी, गोड पाव, वाइन. ऊन कोवळं होतं आणि वारा असा की मेणबत्त्या दोनदा लावाव्या लागत होत्या. मला तो दिवस वर्षातला सगळ्यात आवडतो. सगळे जवळ असतात, गेलेले आणि राहिलेले, आणि कुणालाच कुठे जायची घाई नसते. फादर इफ्तिमे चिठ्ठ्यांची चळत घेऊन मधे उभे राहिले आणि त्यांच्या पद्धतीने, श्वास न घेता, वाचायला लागले. माझी चिठ्ठी आली. झाम्फिरा तोआदेर अनिसिया पाहोमिए, ते म्हणाले.

"एकोणीस," शेजारच्या कबरीवरून परास्किवामावशी म्हणाली. आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

फादर थांबले. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. चष्मा वर केला. "एकोणीस कोण?"

 खांबावरच्या घरट्यात करकोचा चोच वाजवत होता तेवढाच. मावशी म्हणाली, "सवयीने तोंडातून गेलं, फादर. गाव्रीलच्या घराचा नंबर आहे." आणि इलारीदादा, देवाशपथ सांगतो, मला तेव्हाही काही कळलं नाही. मला वाटलं, ही म्हातारी माझ्या घरासाठी प्रार्थना करते आहे, आणि माझे डोळे पाणावले. मी तिला दोन अंडी दिली. शेवटी निचिफोरलाच ते बघवलं नाही.

"अरे गाव्रील, पासवर्ड बदल बाबा," तो म्हणाला. "कधीचा सांगतोय मी यांना, कुणीतरी त्याला सांगा म्हणून. आमच्याने काही राहवत नाही."

मग सगळं बाहेर आलं. ख्रिसमसच्या सुमारास मावशीने मला सहज विचारलं होतं, वायफायला कुलूप लावलंस की नाही? आणि मी, तुमचा नियम पाळून, पासवर्ड सांगितला नव्हता. एवढंच म्हटलं होतं की माझी मेलेली माणसं राखण करतात. मावशी तीस वर्षं माझी चिठ्ठी ऐकते आहे, माझ्या आधी माझ्या आईची ऐकत होती. तिची मुलगी स्पेनला. तिने घरी जाऊन नातवाने दिलेल्या फोनवर चारही नावं टाकली, मधे जागा न सोडता, कारण फादरही सोडत नाहीत. उघडलं नाही. मग तिने विचार केला, गाव्रील पडला नेटका माणूस, शेवटी घराच्या नंबराची खुंटी मारली असेल. दुसऱ्या प्रयत्नात उघडलं. तिने ते फक्त निचिफोरला सांगितलं, कारण त्याचा मुलगा आयर्लंडला. निचिफोरने कुणालाही सांगितलं नाही, फक्त ज्यांची माणसं बाहेर आहेत त्यांना. (आपल्या गावात ज्यांची माणसं बाहेर नाहीत अशी घरं दोन, त्यातलं एक रिकामं.) मी फादरांकडे पाहिलं. फादर आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांच्या पायरीवर एक काडी येते हे मी वर लिहिलंच आहे. ते हळू आवाजात म्हणाले, "गाव्रील, हे पाप आहे की नाही, मी पुस्तकांत शोधलं. सापडलं नाही." मग त्यांनी घसा साफ केला आणि पुढची चिठ्ठी वाचायला घेतली, ह्या वेळी प्रत्येक नावामागे श्वास घेत.

मला राग आला का? घरी येताना मी तो शोधत होतो. मौन नव्हतं, दयाही नव्हती, माना उपासाने खाली गेल्या नव्हत्या. पण दुसरीकडे असंही वाटलं की ख्रिसमसपासून माझी आई, माझे वडील, अनिसिया आणि आजोबा रोज संध्याकाळी स्पेनला, आयर्लंडला जात होते, गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या लेकरांपाशी हाताला धरून नेत होते. आजोबा तर आयुष्यात कधी जिल्ह्याबाहेर गेले नव्हते. तरी कुलूप ते कुलूप. माझं चित्र का गोठत होतं ते आता कळलं होतं. बाकड्यावरच्या नऊ फोनांनी ते ओढून नेलं होतं, आणि सवेताचं उत्तर त्याच्याबरोबर. मी घरी आलो, बशी बाजूला ठेवली, आणि तुम्ही शिकवलं होतं तसं सगळं बदललं. डब्याच्या आतल्या दाराचा, म्हणजे सेटिंगचा, शब्द तर अजून कारखान्याचाच होता, खालच्या चिकटपट्टीवर छापलेला, तोही बदलला. वायफायचा नवा पासवर्ड केला. एक सोडून सगळ्या नियमांत बसणारा. लांब, कुठल्याही चिठ्ठीवर नसलेला, आणि झोपेतून उठवलं तरी आठवेल असा. घराचा नंबर मात्र शेवटी ठेवला, सवय.

दुसऱ्या दिवसापासून बाकडं रिकामं. तिसऱ्या दिवशीही. मी अक्रोड घेऊन जाऊन बसलो, मांजर आलं, मांजराला अक्रोड आवडत नाहीत. आणि सवेताचं चित्र, दादा, इतकं स्वच्छ यायला लागलं की काय सांगू. तिच्या मनगटावर इस्त्रीचा चटका दिसला, जो तिने मला सांगितला नव्हता. कानावरचे पांढरे केस दिसले. मागे लिंबाचं पान हललं आणि पुन्हा जागेवर आलं. ती म्हणाली, ते लोक पुन्हा विचारत होते. मग म्हणाली, "तू त्या शनिवारी काहीतरी म्हणत होतास." आता वाटेत काहीच नव्हतं, ना निचिफोर, ना फादर, ना आल्प्स. मी तोंड उघडलं आणि प्लमचा बहर गळाला म्हणून सांगितलं. तिच्या पापण्या हलत होत्या, म्हणजे चित्र चालू होतं. पण आम्ही दोघंही बराच वेळ गोठून बसलो होतो.

म्हणजे मी इतके दिवस नेटवर्कला दोष देत होतो. ते बिचारं मला पांघरूण घालत होतं.

तर हे असं आहे. पत्र लांबलं. तुम्ही तुमची पाठ सांभाळा, वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि मुरांब्याची मोठी बरणी म्हातारीच्या घरी द्या. सवेताला तीच आवडते, वर थोडी करपलेली. देव तुमची शिडी धरून राहो.

तुमचा,
गाव्रील, घर नंबर एकोणीस

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. एकाच डब्यातून दोन नेटवर्कं निघतात, घरच्यांचं वेगळं आणि पाहुण्यांचं वेगळं, पाहुण्यांना कमी वेग द्यायचा, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. ते कसं करायचं ते ओळीने लिहून पाठवा. मला बाकड्यासाठी एक हवं आहे. त्याला जुनीच चार नावं लावीन. त्यांनाही आता सोबतीची सवय झाली आहे.

आणखी एक. वर लिहिलं ते खरं कारण नाही. तुमच्या नियमाप्रमाणे मी नवा पासवर्ड कुणालाही सांगितलेला नाही, आणि इथेही लिहिणार नाही. पण हे घर जिचं आहे तिला तो ठाऊक असायला हवा. शनिवारी चित्र गोठलं तेव्हा मी जे म्हटलं, तोच पासवर्ड आहे. तीन शब्द. रविवारी ती तुमच्याकडे जेवायला येईल तेव्हा तिला म्हणा, गाव्रीलने पासवर्ड बदलला, ओळख पाहू. तिला नाही ओळखता आला, तर जाऊ द्या, तिने तिकडच्या लोकांना हो म्हणावं. ओळखला, तर कॉन्स्टंटिन-एलेनाच्या आधी मला फोन करायला सांगा. मी काही बोलणार नाही. तिने बोलावं.

शेवटचं. पाकीट चिकटवायला खळ आमच्याकडे नाही, परास्किवामावशीकडे आहे. पिशवीही तीच शिवते आणि इटलीला जाणाऱ्या गाडीवाल्याकडे पोचवते. तेव्हा काळजी नको. कागदाचं हे एक बरं असतं, तो मधेच कुणी वाचू शकत नाही.

*

इलारी, मी परास्किवा. खळ लावताना कागद उघडा होता, डोळ्यांना मी काय करू. नवा पासवर्ड आम्ही दुसऱ्याच दिवशी ओळखला, त्याच्या मनात दुसरं काय असणार. घरीयेसवेता. शेवटी एकोणीस, तो काही एकोणीस सोडायचा नाही. निचिफोरने टाकून पाहिला, उघडला, तसा त्याने फोन खिशात घातला आणि सगळ्यांना बाकड्यावरून उठवलं. म्हणाला, असल्या शब्दावर बसून आपण आयर्लंडला बोलायचं नसतं. फादरही मान डोलावून घरात गेले. म्हणून बाकडं रिकामं आहे. हे गाव्रीलला कळू देऊ नको, त्याला वाटतं कुलूप पक्कं आहे.

सवेताला सांग. आणि लवकर सांग, माझ्या पोरीशी बोलून नऊ दिवस झाले.